बद्द

डंडीत नोव्हेंबर. चारलाच अंधार.
स्क्रीनवर सातवाहनांचे दोन हत्ती,
विकणारे वेगळे,
सोंडेवर ओरखडा मात्र तोच, त्याच जागी.
चेहरा जुळेल एकवेळ,
जखम कशी जुळेल?
सोडले दोन्ही.

तिसरा आला इन्व्हर्नेसहून,
गिलक्रिस्टबाईंच्या नवऱ्याच्या बिस्किटांच्या डब्यातला,
सोबत एकाहत्तर सालची पावती, शाई उडालेली.
मसाल्याच्या काट्यावर तोलला.
भिंगातून कड पाहिली,
कुठे शिवण नाही, बुडबुडा नाही.

तरी सवयीनं ओट्यावर टाकला,
पेढीवर मामा रुपया टाकून बघायचे तसा.
बद्द.

पोटात गोळा आला.
नव्वद पौंड!
किती वेळानं आठवलं,
हा शिशाचा. खरा असला
तरी असाच बोलणार.

साबणानं हात धुतले, दोनदा,
आणि पुन्हा उचलला.