पिळलेलं पाणी

टोमॅटो किसायचे नाहीत, चिरायचे.
किसले की नुसता राडा होतो,
हे स्टॅमातिसचं म्हणणं, सुरी उगारून,
जहाज डाव्या अंगाला कलत असताना.
मी तेव्हा मेसमन, वय चोवीस.
कांद्याच्या गोणीवर बसून
त्याच्या बोटांकडे बघत राहायचो,
भाषा कळत नव्हती म्हणून.

आज सदुसष्टाव्या वर्षी
गिर्ये गावात, मागच्या पडवीत
ती बोटं आठवत चिरतोय.

टोमॅटो दोन जातींचे.
अर्धा किलो कोल्हापूरकडचे, घाट उतरून टेम्पोने आलेले,
गुळगुळीत, पोटात पाणीच पाणी.
आणि ओंजळभर मोरीमागचे,
कुणी न लावता उगवलेले,
खरकट्या पाण्यावर पोसलेले,
सुपारीहून जरा मोठे, आंबट, जाड सालीचे.
त्याच्या बेटावर म्हणे टोमॅटोला पाणी घालतच नाहीत.
काळा दगड, वारा,
आणि पहाटे समुद्राकडून येईल तेवढं दव.
मी सांगायला गेलो, आमच्याकडे कातळ आहे.
कातळ हा शब्द समजवायला
लोखंडी डेकवर पाय आपटावा लागला.
त्याला वाटलं मी रागावलो.

मीठ लावून चाळणीत ठेवले. खाली पातेलं.
"इतक्या मीठ कित्याक?" शेवंतीने विचारलं.
पाणी सुटायला.
"मगे तां पाणी काय करतलात?"
टाकायचं.
ती काही बोलली नाही.
पातेलं मात्र हळूच
स्वतःच्या बाजूला सरकवून घेतलं.

कांदा बारीक. पुदिना कुंडीतला, उन्हाने झोडपलेला.
दालचिनी परड्यातल्या झाडाची, नखाएवढी.
त्याच्याकडे एक सुका पाला असायचा,
डोंगरावरून आईने पाठवलेला,
पिशवी उघडताना तो डोळे मिटायचा.
तो इथे कुठला? मी ओवा घेतला, तळहातावर चुरडला.
वास तोच नाही,
पण गर्दीत मागून पाहिलेल्या ओळखीच्या पाठीसारखा,
हाक मारावी की नको, असा.

पहिला घाणा तेलात विरून गेला.
लाल फेस, मध्ये कांद्याचे होडके.
दुसऱ्याआधी शेवंतीने न विचारता
दोन मुठी तांदळाचं पीठ टाकलं,
हात झटकला, म्हणाली,
"भजीक येवढ्या पुराण कित्याक होया?"
भजी नव्हे गं. केफ्तेदेस.
"खयचो देस?"
ग्रीस, मी म्हणालो, आणि माझंच मला हसू आलं.

मग जमले. कडा कुरकुरीत,
आत अजून ओले, जीभ भाजणारे.
परबांचा नातू कुंपणावरून आला,
पाच खाल्ले, बोटं चड्डीला पुसली,
आणि चटणी कुठाय म्हणून विचारलं.
मी एक हातात धरून बराच वेळ बसलो.
चव आली होती. बरीचशी.
जे आलं नव्हतं ते बहुधा
डिझेलचा वास असावा,
किंवा दिवसभर उभं राहून आलेली भूक.

संध्याकाळी तिने त्या पाण्याचं सार केलं.
नारळाचं दूध, जिरं, एक मिरची मोडून,
वर कढीलिंबाची फोडणी.
वेगळं मीठ घालावं लागलं नाही.
आम्ही वाटीने प्यायलो, भातावर घ्यायचं विसरून.
दिवसातलं सगळ्यात चांगलं तेच झालं होतं,
आणि मी गप्प बसलो, कारण

अकरा महिने, आठवड्यातून दोनदा,
स्टॅमातिस ते पाणी गॅलीच्या दारातून
समुद्रात फेकायचा
आणि रिकामं पातेलं माझ्याकडे द्यायचा घासायला.
मी बोटांनी हिशेब करू लागलो,
नव्वदच्या पुढे गेल्यावर सोडून दिला.

तिला सांगितलं शेवटी.
ती पातेल्याचा तळ पळीने खरवडत होती.
"नारळ नसतलो बिचाऱ्याकडे," म्हणाली,
आणि उरलेल्या वाटीवर
बशी उपडी घातली, सकाळसाठी.