नावं ठेवणे

बालेवाडीच्या सहाव्या मजल्यावर बसून
मी एका वाचकासाठी लिहिते,
ज्याला डोळे नाहीत, कंटाळा नाही
आणि 'समजून घ्या ना' हे समजत नाही.

सकाळपासून एकच पान:
"दाबा. हे साधन पडद्यावरचं एक बटण दाबतं.
आधी पान पूर्ण उघडलंय याची खात्री करा.
बटण सापडलं नाही तर थांबा.
अंदाजाने दाबू नका."
शेवटचं वाक्य तीनदा खोडलं, चौथ्यांदा राहू दिलं.
कारण परवा एजंटाने अंदाजाने दाबलं
आणि चाचणीच्या खात्यातून
एकाच माणसाची सतरा तिकिटं काढली,
पुणे ते नांदेड, सगळी खिडकीची.

ओजस बारटक्के म्हणतो, किती शब्द खर्च करतेस,
त्याला कळतं सगळं.
कळत असेल.
पण कुठे थांबायचं ते कळून येत नाही,
कुणीतरी सांगावं लागतं.

पानाचं चित्र आम्ही त्याला देत नाही.
देतो एक यादी, फांदीफांदीने उतरणारी:
शीर्षक, दुवा, चौकट, बटण.
नाव असेल तर नावासकट.
नसेल तर नुसतंच, बटण.
म्हणून हल्ली माझं निम्मं काम नावं ठेवण्याचं.
मावशीला सांगितलं तर म्हणाली,
पगार देतात त्याचा? पुण्यात फुकट ठेवतात.

ही यादी मी आधी ऐकली आहे.

बिबवेवाडीत आमच्या खालच्या मजल्यावर
दिगंबर खळदकर राहतात.
टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त,
सर्दी झालेला माणूससुद्धा आवाजावरून ओळखणारे.
त्यांचा संगणक पडदा वाचून दाखवतो, इतका भरभर
की मला ते भांडण वाटायचं.
दर महिन्याला बिल भरायच्या दिवशी
जिन्यात ऐकू यायचं:
बटण. बटण. प्रतिमा. बटण. बटण.
मग काठी कठड्यावर दोनदा,
"मुक्ता, यातलं पैसे भरायचं कुठलं गं?"
तिसरं, काका.
पुढच्या महिन्यात ते पाचवं झालेलं असायचं.

अकरा वर्षांत सव्वीस पत्रं त्या ॲपवाल्यांना:
कृपया बटणांना नावं द्यावीत.
उत्तर एकदा आलं,
आपली सूचना नोंदवून घेतली आहे.

यंदा तेच ॲपवाले आमचे ग्राहक झाले.
एजंट अडखळतो म्हटल्यावर
दोन दिवसांत चारशे बारा नावं लागली.
मीच बसून लिहिली, डबा न उघडता:
'पैसे भरा', 'मागे जा', 'पावती उतरवून घ्या'.

गुरुवारी संध्याकाळी चप्पल न काढताच
मी काकांच्या दारात.
भरून बघा ना आता.
ते बसले. कळ दाबली.
"पैसे भरा, बटण."
पुन्हा दाबली.
"पैसे भरा, बटण."
तिसऱ्यांदा त्यांनी नुसतंच ऐकलं.

"छान झालं," म्हणाले. "कुणासाठी केलं?"

खोटं बोलता आलं असतं.
त्यांना माझा आवाज ओळखता येतो.
यंत्र अडखळत होतं, काका.

हसले ते, ड्यूटीवरचं जुनं हसू असावं,
पलीकडच्याला दिसणार नाही असं.
"म्हणजे मी अकरा वर्षं राँग नंबर लावत होतो."
आणि मग, "बस. चहा टाकतो.
तुझ्या त्या यंत्राला सांग, या महिन्याचं बिल गेलंय,
परत भरू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी पानाच्या तळाशी एक ओळ घातली:
"ही नावं वाचणारे तुम्ही पहिले नाही."
समासात ओजसचा शेरा आला,
साधनाच्या वापराशी याचा संबंध काय? काढू का?

सव्वाचार वाजलेत.
खाली बाणेरच्या दिशेने गाड्या तुंबल्या आहेत.
शेऱ्याला मी उत्तर दिलेलं नाही.
पुढचं पान उघडलंय:
"थांबा. हे साधन काहीच करत नाही,
ठरलेला वेळ जाईपर्यंत."