किरकोळ जमा

पत्र आलं तेव्हा मी डांबरगोळ्या मोजत होते.
एकशे चौदा. कपाटं नऊ.
पत्रात तीन ओळी, त्यातली एक जावक क्रमांकाची.
'सदर संस्थेसाठी चालू वर्षी तरतूद नाही.'
सही वाचता येत नव्हती, शिक्का मात्र ठळक.
मी ते आवक रजिस्टरात चढवलं, फाइलला लावलं.
सवय. इथे काहीही आलं की आधी नोंद होते,
मग दुःख.

साखर पेठेत, चादरीच्या बंद दुकानावर
आमच्या मंडळाच्या दोन खोल्या.
एकीत कागद, दुसरीत वस्तू:
जकार्डच्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्यांची माळ,
तीन धोटे,
गिरणीच्या भोंग्याची साखळी, भोंगा नाही.
शिपायाचं पद दोन वर्षांपूर्वी व्यपगत झालं.
व्यपगत. उच्चारून बघा, तोंडात धूळ जाते.
माणूस निवृत्त झाला, पद वारलं,
झाडू माझ्याकडे आला.

बिराजदार सर शनिवारी मोडी वाचायला येतात,
आधी रिक्षाभाड्यावर, आता त्याच्याशिवाय.
मोतीबिंदू काढल्यापासून
अक्षरं एकमेकांच्या घरात शिरतात म्हणे.
बोट धरून विचारतात,
हे वेलांटीचं वळण, की डाग गं?
मला मोडी येत नाही.
मी म्हणते, सर, डाग. बहुतेक डाग.

ऊन तेवढं सोलापूरचं,
त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.
कोरड्या हवेत बुरशी धरत नाही, खरं आहे,
पण पानं कडक भाकरीसारखी होतात.
वर्षानुवर्षं टिकतात
आणि हात लावला की मोडतात.
म्हणून मे महिन्यात मी हजेरीपट काढत नाही.

ती मे महिन्यातच आली.
जिना चढून, धापा टाकत,
विड्यांचा माल देऊन तशीच.
बोटांना तंबाखूचा वास.
'मा अम्मा गिरणीत होती. रीळ खात्यात.
तिचा कागद हाय का ओ?'
कशाला हवाय? घरकुलासाठी? वारसाच्या दाखल्याला?
'नको ते. फोटो नाही आमच्याकडं. म्हणून.'

साडेतीन तास लागले.
मधे लाइट गेली, आली, परत गेली.
चौथ्या बाडात, कोपरा झडलेल्या पानावर:
मल्लव्वा. रीळ खाते. दिवसपाळी.
डाव्या अंगठ्याचा ठसा.
आणि शेऱ्याच्या रकान्यात:
दंड दोन आणे. कारण, कामावर गाणे.

वाचून दाखवलं. ती म्हणाली, परत.
परत वाचलं.
'कारकुनाचं चुकलं असंल.
अम्मा कधी गायलीच नाही.
पाळण्याला सुद्धा नाही. माझ्या भावाच्या नाही, माझ्या नाही.'
मग बराच वेळ गप्प.
मग त्या ठशावर तिने आपला अंगठा धरला,
टेकवला नाही.
जुन्या कागदाला किती अंतरावरून शिवायचं
हे मी प्रशिक्षणाला जाऊन शिकले होते,
पंधरा दिवस, पुण्याला.

जाताना टेबलावर वीस रुपये.
फी नसते म्हटलं, ऐकेना.
'दंडाचे घ्या की. भरला का नाही कुणाला ठाऊक.'
दारात थांबली.
'अजून कोण कोण गात होतं, ते पण बघून ठेवा.'

पावतीपुस्तकात एकच पावती उरली होती.
नाव: नरसव्वा गाजूल. रक्कम: वीस.
तपशील.
तिथे पेन थांबलं.
जे लिहावंसं वाटलं ते लिहिलं नाही,
ऑडिटर विचारतो.
'किरकोळ जमा' लिहिलं, खाली रेघ मारली.

बाड बांधायला हवं होतं.
मी पदराला हात पुसले, कोरडे होईपर्यंत,
आणि पुढचं पान उलटलं,
दोन्ही हातांनी, खालून आधार देत,
फक्त शेऱ्याचा रकाना,
वरून खाली.