एक जून

सुनेत्रा मगदूम, जयसिंगपूरची, हल्ली पुण्यात
झाडांच्या कड्यांवरून जुनं ऊन मोजते.
मिरजेत आमच्या गल्लीत आली
तेव्हा मी घोडीला कानस लावत होतो.
म्हणाली, चाचा, जुनी तून आहे का?
सालीसकट हवी.

सालीसकट इथं कोण ठेवतं.
पण माळ्यावर एक ओंडका होता,
शिराळ्याच्या वरच्या घाटातून
बाबालाल शिकलगारांनी, म्हणजे माझ्या वडलांनी,
मी जन्मलो त्याच आठवड्यात आणलेला.
पोराच्या निकाहाला ह्याची सतार, म्हणाले होते.
निकाह झाला. सतार राहिली.

बोटभर जाडीची चकती कापून दिली.
भुस्सा लाल निघाला, वास अजून ताजा.
तिनं पॉलिश पेपरनं घासून काच केली, भिंग धरलं.
हे बघा, दाट कडी.
त्या सालांत झाडानं हात आखडला.
मी म्हटलं, आम्ही टिचकी मारून निवडतो ती हीच.
दाट लाकडाचा सूर स्वच्छ.
तिनं ते वहीत लिहून घेतलं.

अकरा-बारा कडी झाली की पुन्हा दाट,
मग सैल, मग पुन्हा.
कशानं होतं असं?
कुणी म्हणतं सूर्यावरचे डाग.
कुणी म्हणतं कुठंतरी ज्वालामुखी फुटतो
आणि राख वर जाऊन दोन-तीन वर्षं ऊन अडवते.
कुणी समुद्राकडं बोट दाखवतं, तापतो म्हणे मधूनमधून.
आणि तुम्ही?
मी एका झाडावरून काही म्हणत नाही, चाचा.
शेजारच्या जांभळीची सावली पडली तरी कडं दाट होतं,
गव्यानं साल ओरबाडली तरी होतं.

हे एक खोटं, म्हणाली.
श्रावणात महिनाभर उघडीप पडली असेल,
झाडाला वाटलं, साल संपलं. पुन्हा पाऊस लागला,
पुन्हा उठलं. एका वर्षाची दोन कडी.
आणि इथं तर कडंच नाही.
जगलं त्या साली, पण नोंद नाही.

मी सहज बोलून गेलो, माझा जन्म एक जूनचा.
ती हसली. माझ्या बाबांचाही.
मास्तरांनी उभं केलं,
उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला,
झाला सहा वर्षांचा. लिहा सत्तावन्न.

तीन महिन्यांनी फोन आला.
चांदोलीच्या चौदा झाडांच्या पट्ट्यांशेजारी
माझ्या चकतीची पट्टी पुढंमागं सरकवत होती,
एका जागी सगळ्या जुळल्या.
वरची तार छेडली की खालची तरफ
आपसूक बोलते, तसं काहीसं असणार.
सालीखालचं शेवटचं कडं अर्धवट होतं.
गौरी-गणपतीच्या पुढंमागं पाडलंय, चाचा.
साल एकोणसाठ.

बायको म्हणाली, म्हणजे एस.टी.चं अर्धं तिकीट
दोन वर्षं चोरून काढलंत.
आणि उन्हाचं काय, मी विचारलं.
अजून झाडं लागतील, म्हणाली,
निदान चाळीस. कारण मग बघू.

ओंडका खाली घेतलाय. तबली निघेल,
जरा अरुंद, पण निघेल.
त्या गायब सालाच्या जागी
टिचकी मारून बघतो. वेगळं काही वाजत नाही.

एक जूनला नातवंडं केक आणतात.
त्यांना अजून सांगितलेलं नाही.
दोन मेणबत्त्या जास्तीच्या फुंकतो.