उत्पादनाचा महिना व वर्ष

फॉर्मवर हा एकच रकाना रिकामा होता,
म्हणून निरंजन खवणेकर माझ्याकडे आला.
ओरोसच्या आरटीओत सव्वीस वर्षं
मी लोकांच्या गाड्यांचे जन्म लिहिले,
त्याला वाटलं, मला वासानं कळत असेल.

गाडी आजोबांची, कॅप्टन खवणेकरांची.
एमजी, दोन सीटांची,
वेंगुर्ल्याच्या बंदर रोडवर शेडमध्ये
फाटक्या जाळ्यांखाली निजलेली.
घरात म्हणतात अठ्ठेचाळीसची. आत्या म्हणते सेहेचाळीसची.
गाडी आणि भाऊबंदकी, जितकी जुनी तितकी मानाची.
आरसी बुकात मात्र: मुंबई, नऊ एप्रिल त्रेपन्न.

आरसी बुकावर विसंबू नकोस, मीच म्हटलं.
नोंदणी म्हणजे बारसं.
बाळ त्याआधी बरंच रडून झालेलं असतं.

मग गाडीलाच विचारायला बसलो.
खोबरेल, जुना टूथब्रश.
बॉनेटखालची पितळी पट्टी खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेली,
एक आकडा तीन की आठ, कळेना.
कागद ठेवून पेन्सिल घासली,
लहानपणी नाण्यावर घासायचो तशी.
आठ.
डायनॅमोच्या पोटावर ठोकलेलं: अकरा, एक्कावन्न.
काचेच्या कोपऱ्यात कंपनीच्या नावाखाली ठिपका;
ठिपक्यांवरून साल निघतं म्हणे.
भिंग लावलं तर माशीची घाण.
उजवा हेडलाइट विलायती,
डावा कुठल्याशा अ‍ॅम्बेसेडरचा.

इंग्लंडचं उत्तर सात आठवड्यांनी आलं.
तिकडे कुणी एक म्हातारा कारखान्याच्या वह्या सांभाळतो.
गुरुवार, पंधरा नोव्हेंबर एक्कावन्न.
रंग हस्तिदंती, आत लाल. पाठवणी मुंबईला.
निरंजननं शेडमध्ये उडी मारली.
मी बोटं मोजत होतो:
सोळा महिने, पंचवीस दिवस.

कुठे होती ही?
बोटीला महिना धरा. कस्टमला धरा तीन,
चार धरा, मधे दिवाळी धरा.
तरी वर्ष उरतं.

मुंबईच्या जुन्या रजिस्टरची झेरॉक्स मागवली.
कॅप्टनच्या नावाआधी एक ओळ आहे,
ब्लेडनं खरवडलेली.
झेरॉक्समध्ये तिथे नुसता काळा ढग,
आणि ढगातून लोंबणारी
कुणाच्या तरी इंग्रजी नावाची शेवटची शेपटी.
कुणी हौसेनं मागवली असेल,
गोदीत उभी ठेवून कोण गेलं असेल,
कुठे गेलं असेल.
निरंजन म्हणाला, काका, ह्याला रकाना नाहीये.

खरं आहे.
माझा वाढदिवस एक जून.
आमच्या वर्गात अकरा जणांचा एक जून.
गुरुजींनी दौतीत टाक बुडवला
आणि एका सकाळी अकरा पोरं जन्माला घातली.
आई म्हणायची, तू शिमग्यातला,
मांडावर ढोल चालू होते,
सुईण ओहोटी बघून खाडीतून चालत आली,
गुडघ्यापर्यंत चिखल.
कुठल्या सालचा शिमगा, तिला कुणी विचारलं नाही.
मीही नाही.
सरकारनं एकतीस मेला बरोब्बर नारळ दिला.

रकान्यात लिहिलं: नोव्हेंबर १९५१.
सुवाच्य, खाडाखोड न करता.

सीट परत बसवताना तळाची फळी दिसली.
विलायती लाकूड कधीच भुसा होऊन गेलेलं,
त्या जागी फणस.
पिवळा, जड, नखानं खरवडला तर अजून वास.
त्यावर सुताराची पेन्सिल:
साबाजी मेस्त. चवतीच्या आदी देवची.

साल नाही.
कुठली चवथ, सांगायला साबाजी नाही,
आणि देवची म्हणजे दिली असंही नाही.

निरंजन फोटो काढायला वाकला.
मी टॉर्च धरला.
सीट बसवायची त्या दिवशी राहूनच गेली.