नंबर

आटपाडीकडची मी.
आमच्याकडे पाणी घागरीनं मोजतात,
टँकरच्या नळीमागं उभ्या बायांच्या डोक्यांनी मोजतात,
आणि कमी पडलं की तोंडानं.

पहिली नेमणूक चांदोलीला.
खाकीची इस्त्री अजून मोडली नव्हती
तेव्हा धाकलू येडगे म्हणाला, "मॅडम, बूट काढा.
दगड शेवाळी हायेत. नदी पायानं वाचायची."

वैशाखात ही वारणा सलग नसतेच.
एक डोह, मग नुसते गोटे,
गोट्यांच्या पोटाखालून चाललेली कुजबुज,
मग पुन्हा एक डोह, वाळुंजाच्या मुळांत अडकलेला.
प्रत्येकाला नाव. सटीचा डोह. रांजणडोह.
बायजेचा डोह.
"कोण बायजा?"
"माझी आत्या. हितं भांडी घासायची.
वस्ती उठली. नाव तेवढं ऱ्हायलं,
ते बी मी हाय तवर."

बायजेच्या दगडावर पाणमांजराची लीद,
वाळलेली, आत माशाचे खवले चमकत होते.
धाकलूनं काडीनं उकरली, हुंगली.
"कालची. खडस खाल्लाय.
म्हंजे डोह जिता हाय."
मी वहीत लिहिलं:
पाणमांजर, एक, अप्रत्यक्ष.

रात्री मचाणावर.
चांदणं इतकं, की पेन्सिलीचं टोक दिसावं.
आधी भेकर आलं, चारदा मान वर करून
अर्धीच तहान प्यायलं.
मग सांबरं, तीन.
मग बराच वेळ काहीच नाही,
म्हणजे कुणीतरी होतं.
मग गवे. अकरा.
शेवटचं वासरू पाण्यात पाय घालून उभं,
कशाला आलो तेच विसरलेलं.

माझी बाटली दहालाच संपली होती.
खाली उतरून वीस पावलांवर पाणी.
मी शिडीकडं सरकले
तर धाकलू हळूच म्हणाला,
"थांबा. आपला नंबर आला नाय."

पहाटे आला.
खुरांनी ढवळलेलं निवळेपर्यंत
गोट्यावर बसून राहिलो.
ओंजळीला शेणाचा वास, कुजक्या जांभूळपानांचा वास,
आणि खाली, अगदी खाली, गार दगडाचा.
प्यायले.

रेंज फक्त टेकाडावर.
आईचा फोन, मागे घागरींचा खणखणाट:
"तुझ्याकडं तरी पाणी हाय का गं?"
"हाय," मी म्हटलं.
"पण आपला नंबर शेवटी लागतो."
ती थांबली जराशी.
"लागतो न्हवं?"