ऑर्किडचं खातं

मंगळवारी ईमेलवर पत्र आलं.
"आपली गोपनीयता आम्हाला महत्त्वाची वाटते"
इथपर्यंत वाचलं तेव्हाच कळलं, काहीतरी गेलं.

अकरा वर्षांपूर्वी एक ऑर्किड मागवलं होतं.
जांभळं. खोक्यात नारळाच्या भुश्शात गुंडाळून आलं,
वडाळ्याच्या खाऱ्या वाऱ्यात पंधरा दिवस टिकलं.
खातं मात्र जगलं,
पाणी न घालता, ऊन न दाखवता,
माझं नाव, जुना पत्ता, जन्मतारीख
आणि तो एक शब्द उराशी धरून.

तोच शब्द विजेच्या बिलाला.
तोच गॅसला, पेन्शनला, बँकेला,
नातीच्या बारशाच्या फोटोंना.
एका किल्लीत सगळं घर
आणि किल्ली पायपुसण्याखाली.

तिसऱ्या मजल्यावरचा निनाद आला, चहा घेता घेता म्हणाला,
"काकू, जुना काय होता पासवर्ड?"
"होता काहीतरी."
"तसाही आता बाजारात पडलाय तो,
चाळीस लाख लोकांच्या यादीत."
मी बशीतला गार चहा उगाच फुंकला.

एक नाव होतं, पोरा,
आणि एका बसचा नंबर.
ती बस बंद होऊन वीस वर्षं झाली.
पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कुणाला कळलं नाही,
ह्यांना नाही, आईला नाही.
तोंडातून कधी बाहेर पडलं नाही ते,
फक्त बोटांना पाठ होतं.
रोज सकाळी पडद्यावर आठ टिंबं उमटायची,
तेवढीच काय ती हाक.

निनाद शिकवत होता:
आधी ईमेल, काकू, तिथूनच बाकीची दारं उघडतात.
प्रत्येक दाराला वेगळी किल्ली,
वर आणखी एक कडी, फोनवर आकडे येतील ती.
ते आकडे कुणाला सांगायचे नाहीत,
देव आला तरी.
नावं नकोत, तारखा नकोत.
चार शब्द घ्या, एकमेकांशी नातं नसलेले.

मी स्वयंपाकघरात नजर फिरवली.
किसणी. आमसूल. पोस्टमन.
नातीने फ्रिजवर चिकटवलेला जिराफ.
(हे नव्हेत. एवढी भोळी नाही मी.)

गुरुवारी फोन. "मॅडम, बँकेतून बोलतोय."
माझं पूर्ण नाव म्हणाला, जन्मतारीख म्हणाला,
जुन्या घराचा पिनकोडसुद्धा.
आवाज कोवळा, मागे पंखा घरघरत होता.
"आकडे आले असतील, तेवढे सांगा."
मी म्हटलं, बाळा, जेवलास का?
त्याने फोन ठेवला.

रात्री पावणेबारापर्यंत सतरा दारं झाली.
शेवटी राहिलं ऑर्किडचं.
बंद करायचं तर, म्हणे,
जुना पासवर्ड एकदा पुन्हा टाका.

ज्यांनी नेला, त्यांच्याकडे आठ अक्षरं आहेत.
कुठला थांबा, कुणी कुणासाठी दोन बस सोडल्या,
तिकिटाच्या पाठीवर काय लिहिलं होतं,
हे कुठल्या यादीत सापडणार त्यांना?

एकेक अक्षर दाबलं, सावकाश.
आठ टिंबं.
"आपलं खातं बंद झालं आहे. कारण सांगाल का?"
खाली पाच पर्याय होते.
मी 'इतर'वर बोट ठेवलं.